बर्लिनचा हिशेबी घोडा : हान्सचं प्रकरण पुन्हा एकदा उघडून

१९०४ चा उन्हाळा. उत्तर बर्लिनमधल्या ग्रीबेनोव्ह रस्त्यावर, उंच इमारतींनी वेढलेल्या एका फरसबंद आवारात दुपारी गर्दी जमायची. मध्ये घोडा उभा, शेजारी रुंद काठाची टोपी घातलेला म्हातारा. तिकीट नाही, टोपी फिरवून पैसे गोळा करणं नाही. म्हातारा विचारायचा, "दोन पंचमांश अधिक एक द्वितीयांश किती?" घोडा उजव्या खुराने फरशीवर नऊ ठोके द्यायचा, थांबायचा, मग दहा. नऊ दशांश. हा घोडा घड्याळ वाचायचा, तारीख-वारांचे हिशेब करायचा, रंगीत फडक्यांतून सांगितलेलं फडकं काढून द्यायचा, सुरांतला फरक ओळखायचा. अक्षरांचा तक्ता समोर ठेवला की आधी ओळीचे आणि मग अक्षराच्या जागेचे ठोके देत शब्द जुळवायचा. 'हो'ला मान खाली-वर, 'नाही'ला आडवी.

घोड्याचं नाव हान्स, म्हाताऱ्याचं विल्हेल्म फॉन ओस्टेन. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात या जोडीला एक चौकट मिळते आणि चौकटीत गोष्ट साधारण अशी असते: लोकांना वाटलं घोडा हुशार आहे, एका संशोधकाने दाखवलं की तो मालकाचे इशारे ओळखतो, म्हणून संशोधनात सावध राहा. यात खोटं काही नाही. पण मधला सगळा भाग गळून जातो, आणि शिकण्यासारखं आहे ते त्या मधल्या भागात. हान्सला तपासायला आलेले लोक मूर्ख नव्हते, मालक लबाड नव्हता, आणि तरीही सगळ्यांची फसगत झाली. ती कशी झाली आणि कशी सुटली, हे नीट पाहिलं तर या विषयाच्या पायाभूत संकल्पना व्याख्या पाठ न करताही कळतात.

मालक आणि त्याचा विश्वास

फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक. जनावरं मंद असतात असं आपण म्हणतो, कारण त्यांना कुणी शाळेत घातलेलंच नाही, हे त्यांचं ठाम मत. मग त्यांनी घोड्याला शाळेतल्यासारखंच शिकवलं. लाकडी खुंट्या मांडून एक, दोन, तीन. मग मणी-चौकट, मग आकड्यांचे पत्ते. उत्तर बरोबर आलं की गाजर किंवा पावाचा तुकडा. हे सगळं वर्षानुवर्षं, रोज, मुलाला शिकवावं तशा चिकाटीने.

आज हे हास्यास्पद वाटेल, पण तो काळ लक्षात घ्यायला हवा. माणूस आणि वरच्या दर्जाचे प्राणी यांच्या मनात फरक आहे तो प्रतीचा नव्हे, प्रमाणाचा, हे डार्विनने १८७१ मध्येच मांडलं होतं. अंतर प्रमाणाचंच असेल तर शिक्षणाने ते थोडं भरून काढता येईल, हा तर्क काही वेड्याचा नाही. उलट बाजूने लॉइड मॉर्गनने १८९४ मध्ये एक नियम घालून दिला होता: जनावराचं वागणं साध्या प्रक्रियेने समजावता येत असेल तर त्यासाठी उच्च मानसिक शक्ती गृहीत धरू नका. हान्सच्या आवारात ही दोन मतं आमनेसामने आली होती. प्रश्न घोड्याचा दिसत होता, पण पणाला लागलं होतं ते 'मन' कशाला म्हणायचं हे.

ऑगस्ट संपता संपता वर्तमानपत्रं या घोड्याने भरून गेली. सप्टेंबरच्या सुरुवातीला न्यूयॉर्क टाइम्समध्येही बातमी आली.

सप्टेंबरची समिती

मग तेरा जणांची समिती बसली. अध्यक्ष कार्ल श्टुम्फ, बर्लिन विद्यापीठाच्या मानसशास्त्र संस्थेचे प्रमुख. श्रवण आणि संगीताच्या मानसशास्त्रातलं मोठं नाव, आणि पुढे गेस्टाल्ट विचार (मन गोष्टी सुट्या तुकड्यांत नव्हे, अखंड आकृतीत पाहतं असं मानणारा) उभा करणाऱ्या कोलर आणि कोफ्का यांचे गुरू. त्यांच्याबरोबर प्राणिशास्त्रज्ञ, शरीरक्रियाशास्त्रज्ञ, पशुवैद्य, शिक्षक, घोडदळाची माहिती असलेली माणसं आणि सर्कसमालक पाउल बुश. बुश यांना घेण्यामागे हेतू उघड होता. घोड्याला गुपचूप इशारे देण्याच्या जगातल्या सगळ्या युक्त्या ज्याला ठाऊक, त्याच्या नजरेतून काही सुटणार नाही.

आपल्याकडे नंदीबैलवाला दारात येतो, "पाऊस पडंल का?" विचारतो, गुबुगुबु वाजतं आणि बैल मान डोलावतो. बैलाला पावसातलं काही कळत नाही, मान हलते ती मालकाच्या शिकवलेल्या इशाऱ्यावर, हे दारातल्या पोराटोरांनाही माहीत असतं. बर्लिनची समिती असाच नंदीबैलवाला शोधत होती. कुठे दोरी आहे का, आवाज आहे का, पायाची हालचाल, हाताची खूण? १२ सप्टेंबर १९०४ रोजी समितीने सही करून सांगितलं की असं काहीही नाही. मुद्दाम केलेले किंवा आजवर माहीत असलेले कोणतेही इशारे इथे वापरले जात नाहीत, आणि प्रकरण गंभीर वैज्ञानिक तपासाच्या लायकीचं आहे.

त्यांना सर्वांत जास्त पटलं ते एका गोष्टीमुळे. मालक जवळ नसतानाही हान्स उत्तरं देत होता. आफ्रिकेत भटकलेले प्राणितज्ज्ञ कार्ल शिलिंग्स यांनी विचारलं तरी उत्तर बरोबर. मालक गैरहजर म्हणजे मालकाचा इशारा गैरहजर, मग उरली फक्त घोड्याची अक्कल, असा हा हिशेब.

समितीचं निरीक्षण चोख होतं आणि तिने काढलेला निष्कर्ष शब्दशः खराही होता. लबाडी नव्हतीच. गडबड होती ती प्रश्नात. समितीने विचारलं, "कुणी फसवतंय का?" याचं उत्तर 'नाही' आलं, आणि वाचणाऱ्यांनी त्यातून "म्हणजे घोड्याला गणित येतं" हा अर्थ काढला. वर्तमानपत्रांनी तर तो छापूनच टाकला. श्टुम्फना याची जाणीव होती असं दिसतं, कारण त्यांनी प्रकरण तिथे बंद केलं नाही. आपल्या संस्थेतल्या ओस्कार फुंग्स्ट या तिशीतल्या माणसाकडे पुढचा तपास सोपवला.

फुंग्स्टने काय बदललं

फुंग्स्टने आधी आवारात तंबू उभारला. बघ्यांची गर्दी आणि बाहेरचे अडथळे गेले. पुढची गोष्ट कागदावर क्षुल्लक दिसते, पण या प्रकरणाचा कणा तीच आहे. त्याने प्रश्नांचे दोन प्रकार केले: एका प्रकारात विचारणाऱ्याला उत्तर माहीत, दुसऱ्यात नाही.

आकड्याचा पत्ता घोड्याला दाखवायचा. कधी विचारणाऱ्याने तो आधी पाहिलेला, कधी न पाहता नुसता घोड्यासमोर धरलेला. घोडा तोच, पत्ते तेच, जागा तीच, फरक फक्त माणसाच्या डोक्यात काय आहे याचा. प्रयोगशास्त्राच्या भाषेत, बाकी सारं स्थिर ठेवून एकच घटक बदलायचा. माणसाला आकडा माहीत असताना हान्सची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. माहीत नसताना ८ टक्के.

बेरजेची परीक्षा तर फारच देखणी आहे. फॉन ओस्टेननी एक आकडा घोड्याच्या कानात कुजबुजायचा, मग फुंग्स्टने दुसरा. दोघांना एकमेकांचा आकडा माहीत नाही, त्यामुळे बेरीज जगात फक्त घोड्यालाच करता येणार. ३१ वेळा करून पाहिलं, ३ उत्तरं बरोबर. मग बेरीज माणसाला माहीत असलेले तेवढेच प्रश्न, त्यात २९ बरोबर.

इथपर्यंत एवढंच सिद्ध झालं की उत्तर माणसाकडून घोड्याकडे जातं. पण कोणत्या वाटेने? फुंग्स्टने घोड्याला मोठी झापडं बांधली. हान्सला हे मुळीच आवडलं नाही. तो मान ताणून, वळवून माणसाला पाहायची धडपड करू लागला, आणि हाच एक पुरावा ठरला. प्रश्नकर्ता दिसत होता तेव्हा ८९ टक्के उत्तरं बरोबर, दिसत नव्हता तेव्हा ६ टक्के. (इंटरनेटवर हे दोन आकडे 'मालकाला उत्तर माहीत असताना आणि नसताना' असे सर्रास फिरतात. ते झापडांच्या प्रयोगाचे आहेत.) अंधार पडू लागला की चुका वाढतात, हेही लक्षात आलं. म्हणजे वाट डोळ्यांची.

आता उरलं इशारा सापडणं. फुंग्स्टने घोड्याकडे पाहणं सोडलं आणि माणसांकडे पाहायला सुरुवात केली. प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडे बघायला नकळत किंचित पुढे झुकतो. हान्सला ही सुरुवातीची खूण. ठोके मोजता मोजता माणसाच्या अंगात ताण साठत जातो, अपेक्षित आकडा आला की तो सुटतो आणि डोकं अगदी जरासं वर येतं. ती थांबायची खूण. ही हालचाल कित्येकदा एका मिलिमीटरपेक्षाही कमी असायची. फॉन ओस्टेनच्या टोपीच्या रुंद काठामुळे ती थोडी ठळक व्हायची, इतकंच.

मग फुंग्स्टने उलटं करून पाहिलं. काहीही न विचारता नुसता पुढे झुकला, तर हान्स ठोके देऊ लागला. जास्त झुकला, तर वेग वाढला. मुद्दाम चुकीच्या जागी डोकं उचललं, तर घोडा तिथेच थांबला. प्रश्न तोंडाने न उच्चारता नुसता मनात धरला तरी उत्तर 'बरोबर' यायचं. कारण ओळखून न थांबता ते हातात घेऊन परिणाम हवा तसा घडवून दाखवणं ही प्रयोगाची खरी कसोटी, आणि तिथे फुंग्स्ट पूर्ण उतरला. हान्सने मात्र या काळात त्याला चांगलेच चावे घेतले.

घोड्याच्या जागी माणूस

बहुतेक पुस्तकं गोष्ट इथे संपवतात. मला या प्रकरणातला सर्वांत समृद्ध भाग यानंतरचा वाटतो.

फुंग्स्ट प्रयोगशाळेत परतला आणि स्वतः हान्स झाला. समोरच्या माणसाने एक आकडा मनात धरायचा, फुंग्स्ट उजव्या हाताने टेबलावर ठोके देणार आणि समोरच्याच्या डोक्याकडे पाहून थांबणार. २५ जणांवर हे करून पाहिलं. त्यांपैकी २३ जणांनी, आपल्याला काही कळण्याच्या आत, तीच डोकं उचलण्याची खूण दिली. श्वास आणि डोक्याच्या सूक्ष्म हालचाली नोंदवणारं उपकरण लावून त्याने या गोष्टी कागदावर रेखाटूनही घेतल्या. त्यातली बहुतेक माणसं आपण हललोच नाही असं शपथेवर सांगायला तयार होती.

मानसशास्त्राच्या इतिहासाच्या धड्यात अंतर्निरीक्षणाची वासलात चार ओळींत लावलेली असते: व्हुंटने १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, लोकांना आपल्या मनात डोकावायला लावलं, पद्धत भरवशाची नव्हती, पुढे फक्त बाहेरून दिसणारं वागणं मोजणारा वर्तनवाद आला. हान्सच्या प्रकरणात मात्र दोन्ही पद्धती एकमेकींना टेकून उभ्या आहेत. माणसांना स्वतःची हालचाल सांगता येत नव्हती, तिथे उपकरणच लागलं. पण आकडा जवळ येताना वाढणारा आणि मग सुटणारा ताण त्यांना जाणवत होता, तो ते सांगत होते. फुंग्स्टने स्वतःच्या अनुभवातूनही तो टिपला होता. हालचाल का होते याचं उत्तर त्या सांगण्यातून मिळालं. नुसत्या आलेखातून ते निघालं नसतं.

एकच घोडा, अनेक चष्मे

मानसशास्त्राच्या पुस्तकातल्या 'दृष्टिकोन' या धड्यावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो आणि विद्यार्थी प्रत्येक दृष्टिकोनाला एकसारख्या चार ओळी देतात. हान्सला तसं वाटून टाकता येत नाही.

वर्तनवादी स्पष्टीकरण इथे सर्वांत घट्ट बसतं. वर्तनवादाचा जाहीरनामा वॉटसनने १९१३ मध्ये लिहिला, म्हणजे हे प्रकरण त्याच्या आधीचं. पण थॉर्नडाइकची कोड्याच्या पेटीतली मांजरं १८९८ मध्येच येऊन गेली होती: ज्या कृतीमागून समाधान येतं ती कृती पुन्हा होते. हान्सने ठोके दिले, योग्य जागी थांबला, गाजर मिळालं. योग्य जागा कोणती हे सांगणारी एकमेव विश्वासू गोष्ट आवारात होती, माणसाचं डोकं. फॉन ओस्टेन गणितासाठी बक्षीस देत होते, घोडा डोकं वाचायला शिकत होता. बक्षीस आपण कशाला देतो आणि शिकणारा ते कशासाठी घेतो या दोन गोष्टी एकच असतील असं नाही. ज्यांनी वर्गात "समजलं का?" विचारून माना हलताना पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

जैविक बाजू थोडक्यात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, दृष्टीचा पट्टा प्रचंड रुंद, आणि उघड्यावर जगणाऱ्या, शिकार होऊ शकणाऱ्या जनावराला बारीक हालचाल टिपावीच लागते. माणसाला न दिसणारी खूण त्याला दिसते यात चमत्कार नाही.

बोधात्मक, म्हणजे माहिती कशी घेतली-वापरली जाते या दृष्टीने पाहिलं तर 'हान्स हुशार नव्हता' हे वाक्य घाईचं ठरतं. त्याला भागाकार येत नव्हता, कबूल. पण अनोळखी माणसातही नेमकी तीच खूण शोधणं, शरीरांची ठेवण वेगळी असली तरी चुकायचं नाही, हे लहान काम नाही. तेरा तज्ज्ञांना जे दिसलं नाही ते त्याला दिसत होतं. चौकटीतली गोष्ट हा भाग सोडून देते, आणि माझ्या मते तिथे ती घोड्यावर अन्याय करते.

सामाजिक मानसशास्त्र माणसांकडे वळतं: अपेक्षा वागण्यात कशी पाझरते? आणि 'नकळत' हा शब्द आला म्हणून फ्रॉइडला इथे ओढून आणायची गरज नाही. इथलं नकळत वेगळ्या जातीचं आहे. कल्पनेमुळे स्नायूंची आपोआप होणारी हालचाल विल्यम कार्पेंटरने १८५२ मध्ये वर्णन केली होती. पुढच्याच वर्षी फॅरेडेने आत्म्यांच्या बैठकीत फिरणाऱ्या टेबलांवर साधं उपकरण बसवून दाखवून दिलं होतं की टेबल हलवतात ते बसलेल्यांचे हातच. आपल्याकडे हॉस्टेलच्या खोल्यांत प्लँचेटची वाटी ज्या जोरावर सरकते तोच हा जोर. दडपलेल्या इच्छांचा यात संबंध नाही. माणसाच्या आत्मविकासावर भर देणाऱ्या मानवतावादी दृष्टिकोनाने इथे गप्प बसलेलं बरं.

राहिले फॉन ओस्टेन. त्यांच्या मनाचाही अभ्यास व्हायला हवा. उत्तर बरोबर आलं की घोडा शिकला, चुकलं की घोडा आज हट्टाला पेटलाय. अशा मांडणीत कोणतीही चूक विश्वासाला धक्का देऊ शकत नाही. आणि ही मांडणी एका गणिताच्या शिक्षकाची होती, ज्याने आयुष्यभर चुकीच्या उत्तरावर फुली मारली.

पुढे

श्टुम्फ-फुंग्स्टचा अहवाल ९ डिसेंबर १९०४ चा. फुंग्स्टचं पुस्तक १९०७ मध्ये आलं, इंग्रजी भाषांतर १९११ मध्ये. फॉन ओस्टेन यांनी निष्कर्ष मानला नाही. १९०९ मध्ये ते गेले.

या एका तपासातून निघालेली धार पुढच्या शतकभर वापरात आहे. रॉबर्ट रोझेन्थालने १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांना उंदीर दिले. काहींना सांगितलं तुमचे उंदीर जातीचे हुशार, काहींना सांगितलं मठ्ठ. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. 'हुशार' उंदीर चक्रव्यूहात सरस ठरले. १९६८ मध्ये त्याने आणि लिनोर जेकबसनने हेच शाळेतल्या मुलांबाबत मांडलं. त्या अभ्यासावर कडक टीका झाली आणि परिणाम मुख्यतः पहिली-दुसरीतच दिसला होता, हे सांगितल्याशिवाय त्याचा दाखला देऊ नये. औषधांच्या चाचण्यांत रुग्णालाही आणि डॉक्टरलाही गोळी कोणती हे कळू देत नाहीत, त्यामागचं कारण तेच जे तंबूतल्या पत्त्यांमागे होतं.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १८ हुंगणाऱ्या कुत्र्यांना आणि त्यांच्या हाताळणाऱ्यांना एका चर्चमध्ये नेलं. तिथे अमली पदार्थ किंवा स्फोटकं नव्हतीच, पण हाताळणाऱ्यांना सांगितलं होतं की आहेत, आणि लाल कागद चिकटवलेल्या ठिकाणी आहेत असंही. १४४ फेऱ्यांपैकी फक्त २१ फेऱ्या एकही खोटी खूण न होता पार पडल्या. इथे कुत्र्याने माणसाचं शरीर वाचलं की माणसानेच 'कुत्र्याने दाखवलं' असं पाहिलं, हे त्या मांडणीतून वेगळं काढता येत नाही.

सर्वांत महाग किंमत मोजली गेली ती १९९० च्या दशकात. बोलू न शकणाऱ्या स्वमग्न मुलांचा हात धरून त्यांच्याकडून टंकलेखन करवून घेण्याची पद्धत अमेरिकेत झपाट्याने पसरली. मुलं कविता लिहू लागली, घरच्यांवर अत्याचाराचे आरोपही 'लिहू' लागली. मग कुणीतरी फुंग्स्टचाच डाव टाकला: मुलाला एक चित्र, हात धरणाऱ्याला दुसरं. कागदावर उमटलं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं चित्र. हात धरणारी माणसं प्रामाणिक होती, बर्लिनच्या म्हाताऱ्याइतकीच. अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्ये या पद्धतीविरुद्ध ठराव केला.

कच्ची बाजू

प्रकरण अभ्यासाची, म्हणजे एकाच उदाहरणाच्या खोल अभ्यासाची म्हणून जी मर्यादा असते ती इथेही आहे. घोडा एक, मालक एक. फुंग्स्ट आला तेव्हा शिक्षण होऊन गेलं होतं. हान्स इशारा *वापरतो* हे त्याने प्रयोगाने दाखवलं, पण तो इशारा हान्स कधी आणि कसा *शिकला* हे अनुमानच राहिलं. गाजर आणि डोकं यांची गाठ कोणत्या महिन्यात पडली, आधी खुंट्या खरोखर मोजल्या होत्या का, याची एकही नोंद नाही. त्यासाठी नवा घोडा घेऊन पहिल्या धड्यापासून वही ठेवावी लागली असती.

तशी संधी आली होती. फॉन ओस्टेननंतर हान्स एल्बरफेल्डच्या कार्ल क्राल या जवाहिऱ्याकडे गेला. क्रालने मुहम्मद आणि झरीफ हे दोन अरबी घोडे नव्याने शिकवायला घेतले होते, आणि ते म्हणे घनमूळही काढत. १९१२ मध्ये त्याने विचार करणाऱ्या प्राण्यांवर जाडजूड ग्रंथ छापला. पण त्याला घोडे विचार करतात हे दाखवायचं होतं. घोडे माणसाला कसं वाचायला शिकतात याची वही ठेवण्याचं त्याला काही कारणच नव्हतं.